जॉनर कोण ठरवतं?

सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत १९०३ सालच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'ची नोंद हमखास सुरुवातीच्या वेस्टर्नपटांमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सीमाभागात घडणाऱ्या चित्रपटांमध्ये, होते. घोडे आहेत, बंदुका आहेत, दरोडा आहे, शेवटी पाठलागही आहे, त्यामुळे शंका घ्यायला जागा दिसत नाही. पण एडविन पोर्टरचा हा जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट आला, तेव्हा 'वेस्टर्न' नावाचा चित्रप्रकार प्रेक्षकांच्या डोक्यात तयारच झालेला नव्हता. चार्ल्स मसर या इतिहासकाराने तो चित्रपट त्याच्या आगेमागे आलेल्या इतर चित्रपटांच्या शेजारी ठेवून पाहिला. तेव्हाच्या प्रेक्षकाच्या लेखी तो गुन्हेपट होता, पाठलागपट होता आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या रेल्वेप्रवासाच्या चित्रपटांच्या रांगेतला पुढचा चित्रपट होता, असं त्याने दाखवून दिलं. वेस्टर्नची पाटी त्यावर नंतर लागली, वेस्टर्न नावाचं काही उभं राहिल्यावर.

जॉनरच्या, म्हणजे चित्रप्रकाराच्या, अभ्यासाची खरी सुरुवात इथे होते. एखादा चित्रपट कोणत्या प्रकारात मोडतो, हा प्रश्न फार लवकर संपतो. तो प्रकार केव्हा आकाराला आला, नाव कोणी दिलं, कोणाच्या सोयीसाठी दिलं आणि नाव पडल्यावर पुढच्या चित्रपटांवर त्याचा काय परिणाम झाला, हे प्रश्न मात्र वर्षानुवर्षं पुरतात. जॉनर म्हणजे बनवणारे, विकणारे, बघणारे आणि लिहिणारे यांच्यातला एक न लिहिलेला करार आहे, असं मी मानतो. त्याच्या अटी सतत बदलतात आणि बदलताना मागे खुणा ठेवतात. अभ्यासकाने त्या खुणांच्या मागे जायचं असतं.

नाव उशिरा पडण्याचं सर्वात ठळक उदाहरण फिल्म न्वारचं. जर्मन अंमलाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणं बंद होतं. युद्ध संपल्यावर साचलेले चित्रपट पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाला 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) अशा चित्रपटांत एक नवा, काळोखा सूर ऐकू आला. त्याने त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, म्हटलं. १९५५मध्ये बोर्द आणि शोमेतों या फ्रेंच लेखकांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. हे चित्रपट बनवणाऱ्या हॉलिवूडवाल्यांना त्या वेळी या नावाचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी ते गुन्हेपट होते, थरारपट होते, 'मेलोड्रामा' होते. पॉल श्रेडर यांनी १९७२च्या निबंधात तर न्वार हा जॉनर नाहीच, तो सूर आणि मूड आहे, असं म्हटलं. पण तोवर नाव चित्रपटशाळांत पोचलं होतं आणि त्यानंतरच्या दिग्दर्शकांनी ठरवून, समजून-उमजून न्वार बनवायला घेतले. समीक्षकाने मागे वळून दिलेलं नाव पुढच्या निर्मात्याच्या हातातलं अवजार झालं.

वर 'मेलोड्रामा' हा शब्द आला, त्यातही मोठी गफलत दडलेली आहे. १९७०नंतरच्या अभ्यासकांनी तो घरगुती, भावनाप्रधान, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चित्रपटांसाठी रूढ केला. स्टीव्ह नील या अभ्यासकाने जुनी व्यवसायपत्रं, म्हणजे चित्रपटधंद्यातल्या लोकांसाठी निघणारी नियतकालिकं, नीट वाचली तेव्हा भलतंच चित्र दिसलं. हॉलिवूडच्या धंद्यात कित्येक दशकं मेलोड्रामा म्हणजे गोळीबार, पाठलाग, धोका, सुटका. ज्यांना आपण आज अ‍ॅक्शन किंवा थ्रिलर म्हणू, ते चित्रपट. जुन्या जाहिरातीत हा शब्द दिसला आणि आजचा अर्थ लावून पुढे गेलं, की पुढची सगळी मांडणी ढासळते. म्हणून जुन्या चित्रपटांवर काम करताना त्या काळची पोस्टरं, व्यवसायपत्रं आणि सेन्सॉरच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि समीक्षेची पुस्तकं नंतर उघडावीत.

चित्रपट निवडायला बसलं की पहिली अडचण समोर येते. अँड्र्यू ट्यूडर यांनी ती १९७४मध्ये नेमकी मांडली. वेस्टर्नची लक्षणं शोधायची तर आधी वेस्टर्न गोळा करायला हवेत. पण कोणते गोळा करायचे हे कळायला लक्षणं आधी माहीत हवीत. या चक्रातून पूर्ण सुटका नाही. ट्यूडर यांचं उत्तर असं, की लोक एकत्रितपणे ज्याला वेस्टर्न समजतात तो वेस्टर्न. मला यात कामाची गोष्ट अशी दिसते, की 'लोक' म्हणजे कोण आणि कधीचे, हे आपल्याला लिहून ठेवावंच लागतं. पाच ते सात वर्षांची एक मुदत ठरवावी. त्या काळात ज्या चित्रपटांची जाहिरात किंवा परीक्षण त्या नावाने झालं, त्यांची यादी करावी आणि तिच्यातून वीस-पंचवीस चित्रपट घ्यावेत. त्यातले निम्मे तरी आज कोणाला आठवत नसलेले असावेत.

ही शेवटची अट लोक सर्वात आधी मोडतात आणि सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं. गाजलेले चित्रपट गाजतात ते बऱ्याचदा संकेत, म्हणजे त्या प्रकाराच्या ठरलेल्या रीती, वाकवल्यामुळे. फक्त तेच पाहून संकेत शोधायला गेलं, तर अपवादांचा नियम तयार होतो. संकेत स्वच्छ दिसतो तो साधारण, कमी खर्चात, घाईत काढलेल्या चित्रपटांत, जिथे लेखकाला नवं काही करायला वेळ नव्हता. स्टुडिओत उभा असलेला सेट पुन्हा वापरायचा, तेच कपडे, तेच घोडे, तीच माणसं. जॉनरच्या स्थैर्यामागे हा खर्चाचा हिशेबही आहे.

यादी झाल्यावर काय बघायचं? रिक आल्टमन यांनी १९८४च्या एका लेखात दिलेला भेद अजूनही सर्वात उपयोगी आहे. एक बाजू घटकांची: टोपी, घोडा, वाळवंट, शेरीफ. दुसरी बाजू बांधणीची: हे घटक एकमेकांशी कोणत्या नात्याने जोडले आहेत. घटकांवरून व्याख्या केली तर ती खूप चित्रपटांना लागू पडते, पण फारसं काही सांगत नाही. बांधणीवरून केली तर खूप सांगते, पण थोड्यांनाच लागू पडते. दोन्ही लागतात. अंतराळात घडणाऱ्या कथेत घोडा नसतो, टोपी नसते, तरी वस्ती आणि अराजक यांच्या सीमेवर उभा असलेला एकटा माणूस असेल, तर वेस्टर्नची बांधणी तिथे पोचलेली असते.

जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स'ची (१९५६) सुरुवात बघा. पडदा काळा. अंधारात एक दार उघडतं आणि त्या चौकटीतून उन्हात तळपणारा लाल खडकांचा प्रदेश दिसतो. घरातली बाई पाठमोरी, नुसती आकृती होऊन, उंबरठा ओलांडून ओसरीवर जाते. कॅमेरा तिच्या मागे. लांबून एक घोडेस्वार येतोय. घटकांची यादी करणारा इथे खडक, घोडा, टोपी लिहून घेईल आणि पुढे सरकेल. बांधणी बघणारा उंबरठ्यापाशी थांबेल: आत काळोख आणि घर, बाहेर प्रकाश आणि रान, मधोमध एक स्त्री, आणि येणारा पुरुष बाहेरच्या बाजूचा. शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा पुन्हा आत, अंधारात आहे. सगळे एकेक करून घरात येतात. ईथन, म्हणजे सुरुवातीचा तो घोडेस्वार, दाराशी उभा राहतो, डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरतो, वळतो, चालू लागतो आणि दार मिटतं. घर वाचवणाऱ्याला घरात जागा नाही, हा वेस्टर्नचा मूळ ताण एका लाकडी चौकटीत मांडलेला आहे. जिम किट्सेस यांनी १९६९मध्ये वेस्टर्नसाठी रान विरुद्ध संस्कृती अशी जोड्यांची मांडणी केली होती. ती तोंडपाठ करण्यापेक्षा हे दोन शॉट सलग पाहणं अधिक शिकवतं.

मराठीतही हाच प्रयोग करता येतो. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ला (१९५९) मोठं यश मिळालं आणि पुढे तमाशापटांची लाटच आली. फड, ढोलकी, लावणी, पाटील हे घटक इतके ठरीव झाले, की त्यावरून चित्रपट ओळखता यावा. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'त (१९७२) हे घटक जागच्या जागी आहेत, पण बांधणी फिरली आहे. केंद्रस्थानी मास्तर आहे, फडाला गावाबाहेर काढायला निघालेला आणि स्वतःच त्यात ओढला गेलेला. लोक त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारतात आणि शेवटी त्याच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. 'पिंजरा'ला केवळ तमाशापट म्हटलं तर हे सारं हातातून निसटतं, आणि तमाशापट नाहीच म्हटलं तर प्रेक्षक कोणत्या अपेक्षेने आत शिरला होता हे निसटतं.

आता कामाची पद्धत. चित्रपट पहिल्यांदा सलग पाहावा, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा प्रसंगांचा तक्ता करावा: मिनिट, जागा, कोण, काय घडलं, प्रकाश, आवाज, आणि एक रकाना ज्ञानाचा. प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहीत आहे, तितकंच माहीत आहे की जास्त? हा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि रहस्यपट व थरारपट यांतला फरक नेमका त्यातच असतो. रहस्यपटात रकान्यात ओळीने 'कमी' आणि 'तितकंच' येतं. थरारपटात 'जास्त' येऊ लागतं, कारण जिन्याखाली कोण उभं आहे ते आपल्याला दिसलेलं असतं. साहित्याचे अभ्यासक तोदोरोव यांनी १९६६मध्ये म्हटलं होतं, की डिटेक्टिव्ह कथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि एक तपासाची, आणि पहिली कथा दुसरी सुरू होण्याआधीच संपलेली असते. तक्ता भरताना हे वाक्य अक्षरशः डोळ्यांसमोर उलगडतं.

पहिली दहा मिनिटं वेगळी काढून तीनदा घ्यावीत: एकदा नेहमीसारखी, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. जॉनर आपली ओळख या दहा मिनिटांत देतो आणि ती बऱ्याचदा चित्रापेक्षा आवाजातून अधिक येते. शॉटची सरासरी लांबी काढणंही अवघड नाही. सहाशे सेकंदांत शंभर शॉट असतील तर सरासरी सहा सेकंद. एका चित्रपटाचा आकडा काही सांगत नाही. पंचवीस चित्रपटांचे आकडे शेजारी ठेवले की प्रकाराची चाल दिसू लागते.

आकडे घेताना एक चूक वारंवार होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पण युरोप आणि भारतातल्या जुन्या टीव्ही-डीव्हीडी पद्धतीत तोच २५ चौकटींनी चालवला जाई. त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढतो. दोन चित्रपटांच्या प्रती दोन पद्धतींच्या असतील, तर 'पहिला खून कितव्या मिनिटाला' ही तुलना फसते. चित्रपटाच्या एकूण लांबीच्या टक्क्यांत नोंद केली की ही चूक टळते. सेन्सॉरने किंवा वितरकाने कापलेल्या प्रती हे आणखी एक दुखणं. तिथे कोणती प्रत पाहिली हे लिहिण्यावाचून इलाज नाही.

भयपटाकडे वळलं की पद्धतीत एक भर घालावी लागते, ती प्रेक्षकाच्या शरीराची. लिंडा विल्यम्स यांनी १९९१मध्ये भयपट, रडवणारा चित्रपट आणि कामुक चित्रपट यांना एका ओळीत ठेवलं, कारण तिघंही बघणाऱ्याच्या अंगातून थेट काही काढून घेतात: शहारा, अश्रू, उत्तेजना. प्रत्येकाची वेळही वेगळी. भयपटात घटना फार लवकर येते, आपण तयार नसतो. रडवणाऱ्या चित्रपटात फार उशिरा, सगळं हातचं गेल्यावर. ही मांडणी मला आवडते, कारण ती संकलनाच्या टेबलावर तपासता येते. दचकवणारा क्षण कसा बांधतात ते बघा. आधी आजूबाजूचा आवाज हळूहळू काढून घेतला जातो: पंखा, रस्ता, रातकिडे. मग शॉट गरजेपेक्षा लांबतो. पात्र चौकटीच्या एका कडेला असतं आणि उरलेली जागा रिकामी, म्हणून नजर त्या रिकामपणात शोधू लागते. मग खोटा दचका: मांजर, मित्राचा हात. श्वास सुटतो. खरा धक्का त्या सुटलेल्या श्वासात येतो. हे फसतं कुठे? संगीत चित्राच्या अर्धा सेकंद आधी चढलं, तर प्रेक्षक सावध होतो. खोटा दचका तीनदा वापरला, तर तो मोजू लागतो. आणि रिकाम्या जागेत प्रत्येक वेळी काहीतरी आलंच, तर रिकामी जागा ही आगाऊ सूचना ठरते. तिथे अधूनमधून काहीच न येणं भयपटाच्या प्रकृतीला मानवतं. रॉबिन वुड यांनी १९७९मध्ये भयपटाचं सूत्र अगदी साधं केलं होतं: नेहमीच्या, स्थिर जगावर राक्षसाचं संकट. मग विचारायच्या गोष्टी तीनच उरतात. ते जग कसं आहे, राक्षस कोण आहे, आणि दोघांचं नातं काय.

जॉनर का बदलतो, याचं एक सोपं उत्तर पाठ्यपुस्तकांत असतं: जन्म, प्रौढत्व, सूक्ष्मता, मग स्वतःचीच टिंगल आणि अंत. मला हे उत्तर पटत नाही. टॅग गॅलघर यांनी १९८६मध्ये त्याचा चांगला समाचार घेतला. वेस्टर्न सुरुवातीपासूनच स्वतःबद्दल सजग होता, असं त्यांचं म्हणणं. पुरावाही हाताशी आहे. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनने 'द फ्रोझन नॉर्थ'मध्ये वेस्टर्नचा तारा विल्यम एस. हार्ट याचं विडंबन केलं ते १९२२मध्ये, ज्याला 'अभिजात' काळ म्हणतात तो यायच्या कितीतरी आधी.

बदलाची कारणं बहुधा बाहेर सापडतात. गँगस्टरपटाला बोलपटाने बळ दिलं, कारण मशीनगन आणि टायरची किंकाळी ऐकू येऊ लागली. 'लिटल सीझर', 'द पब्लिक एनिमी', 'स्कारफेस' हे तिन्ही १९३१-३२च्या दीड-दोन वर्षांतले. गुन्हेगाराला नायक केल्याचा ओरडा झाला आणि १९३४च्या मध्यापासून प्रॉडक्शन कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याच्या हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने 'जी मेन' काढला. 'द पब्लिक एनिमी'चा गुंड जेम्स कॅग्नी आता सरकारी तपास अधिकारी! तोच वेग, तीच बंदूक, तोच चेहरा. बदलला तो बिल्ला. घटक टिकले, बांधणी नियमाने वाकवली. केवळ चित्रपट पाहून हे वळण कळत नाही, त्याच्या शेजारी कोडची तारीख ठेवावी लागते.

आणि हॉलिवूडचे कप्पे सगळीकडे लागू करण्याची घाई करू नये. भारतीय धंद्यात १९२०-३०च्या दशकांतली विभागणी होती पौराणिक, ऐतिहासिक, संतपट, स्टंटपट आणि सामाजिक. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) सामाजिक म्हणून ओळखला जातो. 'सामाजिक' म्हणजे कथा आजच्या काळातली, इतकंच. त्यात विनोद, गाणी, खून, कोर्ट, आईची माया, काहीही मावत असे. एम. माधव प्रसाद यांनी १९९८च्या पुस्तकात याचं कारण निर्मितीच्या पद्धतीत शोधलं: कथा, संवाद, गाणी, मारामारी हे भाग वेगवेगळ्या हातांनी स्वतंत्रपणे तयार होतात आणि मग जोडले जातात, म्हणून एका जॉनरची बांधणी सगळ्या भागांवर हुकूमत गाजवू शकत नाही. हिंदी किंवा मराठी चित्रपटात 'जॉनरची सरमिसळ' आहे असं म्हणताना आपण आधी वेगळे प्रकार होते आणि मग मिसळले असं गृहीत धरतो. इथला क्रम तसा नव्हता.

सध्या नावं देण्याचं काम बरंचसं स्ट्रीमिंग कंपन्यांकडे गेलं आहे. २०१४च्या सुरुवातीला एका अमेरिकन पत्रकाराने नेटफ्लिक्सच्या आतले सूक्ष्म प्रकार मोजले तेव्हा आकडा ७६,८९७ निघाला. दशक, ठिकाण, भावना, विषय असे टॅग एकमेकांना जोडून ही नावं यंत्राने तयार केलेली. आल्टमन यांच्या भाषेत ही घटकांची टोकाची यादी आहे. बांधणीचा तिथे पत्ता नाही. शिवाय ही नावं घेऊन कोणी कोणाशी बोलत नाही, आणि करार म्हणायला दोन बाजू तर लागतात. तरीही त्यांचा अभ्यास करावाच लागेल, कारण कोणता चित्रपट कोणापुढे येणार हे आता ती ठरवतात. अडचण पुराव्याची आहे. १९३१चं पोस्टर संग्रहालयात सापडतं, पण आजची रांग प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी असते आणि उद्या बदलते. या काळावर काम करायचं असेल तर चित्रपट कोणत्या नावाच्या रांगेत, कोणत्या चित्रासह, कोणत्या चित्रपटांच्या शेजारी दिसला, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह आजच जपून ठेवावा. शक्य तर दोन वेगळ्या खात्यांवरून घ्यावा, म्हणजे एकच चित्रपट एकाला थ्रिलर आणि दुसऱ्याला प्रेमकथा म्हणून विकला गेला का, हे पुढे तपासता येईल.